नर्सिंग ड्युटीचा ताण: राजीनाम्याआधी काय करावे आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर ताणाबद्दल सल्ला विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा शेवटची पायरी आधीच ओलांडलेली असते. कुणी राजीनामा देऊन मोकळी झालेली असते, कुणी रात्री दोन वाजता वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मनातले सगळे लिहून बसलेली असते, तर कुणी महिनाभर वॉर्डातल्याच कपाटातली झोपेची गोळी घेत असते. त्यानंतर डॉक्टर, रजा, अर्ज, पुरावा असा उलटा प्रवास सुरू होतो आणि प्रत्येक ठिकाणी एखादा कागद कमी पडतो. मी काही वर्षे वॉर्डाची इन्चार्ज म्हणून रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) लावले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने हे अर्ज कसे वाचले जातात तेही पाहिले आहे. खरी अडचण असलेल्या सिस्टरचा अर्ज बाजूला पडतो, तो बहुधा क्रम चुकल्यामुळे.

खालचा क्रम स्टाफ नर्स, ब्रदर आणि शिकाऊ नर्स या सर्वांसाठी आहे. सरकारी आणि खासगी नोकरीत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

सुरुवातीआधीची तपासणी

पुढच्या टप्प्यांना तीन-चार आठवडे लागतात. तेवढा वेळ आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. आपण नसलेलेच बरे असा विचार वारंवार येत असेल किंवा स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटत असेल, तर वही, अर्ज, रजा हे सगळे मागे ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा चोवीस तास आणि निःशुल्क चालते आणि भाषा निवडता येत असल्याने मराठीतून बोलता येते. धोका तातडीचा असेल तर ११२ लावावा. ड्युटीवर असतानाच असे वाटू लागले, तर औषधांच्या कपाटाची किल्ली बरोबरच्या सिस्टरच्या हातात द्यावी, "मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ थांब" एवढेच म्हणावे आणि स्टाफरूममध्ये एकटीने जाऊन बसू नये. कारण सांगत बसण्याची त्या क्षणी गरज नसते.

अनेकींना पोलिस केसची भीती वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा करता येत नाही. तेव्हा त्या भीतीपोटी मदत लांबवू नये.

टप्पा १: चौदा दिवसांची वही

एप्रनच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्यावी. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर त्या घाईत राहून जातात आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला की उघड्या पडतात. दररोज ड्युटी संपल्यावर, हँडओव्हर देऊन झाल्यावर आणि बस किंवा गाडी पकडण्याआधी, पाच मिनिटांत सहा गोष्टी लिहाव्यात: तारीख व शिफ्ट, आपल्याकडे किती रुग्ण होते आणि वॉर्डात किती सिस्टर होत्या, ठरलेली ड्युटी किती वाजता संपायची होती आणि प्रत्यक्षात किती वाजता संपली, जेवायला व लघवीला वेळ मिळाला का, मागच्या चोवीस तासांत किती झोप झाली, आणि त्या दिवशी मनाला लागलेली एखादी घटना.

नोंद कशी असावी हे उदाहरणाने स्पष्ट होईल. "आज खूप त्रास झाला, कुणी मदत करत नाही, जीव नकोसा झाला" ही नोंद खरी असेल, पण तिच्यावरून रोस्टर बदलता येत नाही. "मंगळवार, नाइट. २८ रुग्ण, आम्ही दोघी. तिसरी सिस्टर रात्री अकराला आयसीयूत पाठवली. पहाटे साडेतीनच्या अँटिबायोटिकला पाऊण तास उशीर. डबा सकाळी तसाच परत नेला. सुटका आठऐवजी सव्वानऊला. झोप चार तास." या नोंदीत तक्रारीचा शब्दही नाही, तरी वाचणाऱ्याला सगळे कळते.

रुग्णसंख्येची नोंद अशासाठी की तिची तुलना मानकाशी करता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव नर्सेस असाव्यात. हे प्रमाण आपल्याकडे किती ठिकाणी पाळले जाते हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून त्याचा उपयोग धमकीसारखा करू नये. मागणी अवास्तव नाही हे दाखवण्यापुरता करावा.

> सावधान: वहीत रुग्णाचे नाव, आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) किंवा निदान लिहू नये, "बेड ७" एवढे पुरे. केस पेपरचे किंवा रुग्णाचे फोटो पुरावा म्हणून काढू नयेत. तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयता मोडल्याबद्दल आपल्यालाच नोटीस येते.

वही ठेवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त वाईट दिवस लिहिणे. बऱ्या गेलेल्या दिवसाचीही नोंद हवी. मॉर्निंगला ठीक आणि नाइटला कोलमडलेले, किंवा एका विशिष्ट व्यक्तीबरोबर ड्युटी असली की बिघडलेले, हा फरक बऱ्या दिवसांमुळेच दिसतो.

टप्पा २: वही चालू असतानाच झोप सावरणे

हा टप्पा बहुतेक जणी गाळतात, आणि मला विचाराल तर निम्मा गोंधळ इथे आहे. झोप तुटलेली असताना चिडचिड, रडू येणे, विसरणे आणि छातीत धडधडणे हे सगळे होते. त्यातले किती आजाराचे आणि किती जागरणाचे, हे झोप थोडी तरी सुधारल्याशिवाय डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही.

नाइटच्या दिवशी दुपारी दीड तास झोप घ्यावी. शेवटचा चहा किंवा कॉफी पहाटे तीनच्या आत घ्यावी, कारण कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात आणि पाच वाजता घेतलेला कडक चहा सकाळी नऊ-दहाच्या झोपेवर येतो. मध्यरात्रीनंतर आळीपाळीने डोळा मिटण्याची मुभा असेल तर वीस मिनिटांचा गजर लावावा. तासभर झोपून उठले की डोके जड होते आणि पुढच्या इंजेक्शनचा डोस मोजताना चूक होण्याची भीती राहते.

सकाळी सुटल्यावर डोळे मिटत असतील तर स्कूटी चालवू नये. खानापूर रस्त्यावरून किंवा हायवेने निपाणीकडे जाणाऱ्यांनी नाइटच्या आठवड्यात बसच धरावी. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना शक्ती योजनेखाली राज्यातल्या साध्या सरकारी बसचे तिकीट पडत नाही, तेव्हा खर्चाचे कारणही उरत नाही. चंदगड किंवा कागलकडून ये-जा करणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

घरी पोचल्यावरचा क्रम असा ठेवावा: हलके खाणे, हातपाय धुणे, झोप. कपडे, भांडी आणि मुलांची शाळा यांतले जे टळण्यासारखे आहे ते झोपेनंतर करावे. खिडकीवर जाड चादर किंवा जुनी गोधडी खिळ्याला अडकवावी. वडगाव-खासबागच्या बाजूला समोरच्याच घरात माग चालू असेल तर त्याची खटखट बंद करता येत नाही, पण मागच्या खोलीत अंथरूण घालता येते आणि कानात कापसापेक्षा फोमचे बोळे बरे पडतात. दारावर "नाइट आहे, एकपर्यंत उठवू नये" अशी चिठ्ठी लावावी. ती शेजाऱ्यांपेक्षा घरच्यांसाठी जास्त असते. सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा अशी दोन तुकड्यांत झोप झाली तरी चालते. शेवटच्या नाइटनंतर मात्र सकाळी दोन-तीन तासच झोपावे आणि रात्री वेळेवर अंथरुणाला पाठ टेकावी, म्हणजे पुढच्या मॉर्निंगचे चक्र लवकर बसते.

> सावधान: अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या गोळ्या वॉर्डच्या साठ्यातून, किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. सवय लवकर लागते, डोस वाढत जातो आणि साठा मोजताना एक गोळी जरी कमी भरली तरी तो चोरीचा विषय होतो. आधीच घेत असाल तर एकदम बंदही करू नये. टप्पा ५ मध्ये डॉक्टरांना हे सर्वांत आधी सांगावे.

टप्पा ३: वहीचे तीन ढीग आणि एक चाचणी

चौदाव्या दिवशी शांतपणे बसून वहीतल्या नोंदींचे तीन ढीग करावेत. पहिल्यात ड्युटीमुळे घडलेले: सलग नाइट, डबल ड्युटी, कमी स्टाफ, उशिरा सुटका. दुसऱ्यात माणसांमुळे घडलेले: अपमान, शिवीगाळ, अंगावर येणे, नको असलेली लगट. तिसऱ्यात ऑफच्या दिवशीसुद्धा आपल्याबरोबर घरी आलेले: रडू, भीती, भूक जाणे, कशातच रस न वाटणे. पहिल्या ढिगाचे उत्तर रोस्टरमध्ये, दुसऱ्याचे तक्रारीत आणि तिसऱ्याचे उपचारात असते. तिन्ही एकाच अर्जात घातले की वाचणारा सर्वांत सोपा धागा पकडतो आणि "सिस्टरला घरचे टेन्शन आहे" असा शेरा मारून मोकळा होतो.

तिसऱ्या ढिगासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली भरावी. ती मराठीत उपलब्ध आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवावे, वीस किंवा त्याहून जास्त आले तर थांबू नये. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी बोलावे. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे.

इथे नर्सेसची एक खास खोड आड येते. दिवसभर कॅन्सरच्या आणि भाजलेल्या रुग्णांत वावरल्यामुळे स्वतःचे दुखणे त्यांच्या शेजारी ठेवून मोजले जाते आणि "मला काय झालंय" म्हणत सगळीकडे शून्यावर खूण होते. दुसऱ्या एखाद्या सिस्टरने वहीतल्या याच नोंदी दाखवल्या असत्या तर आपण कुठे खूण केली असती, असा विचार करून फॉर्म पुन्हा भरावा.

याच आठवड्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. रक्त कमी असणे आणि थायरॉइड मंदावणे यांनीही थकवा, उदासी आणि विसराळूपणा येतो. दिवसाला पंधरा जणांचे रक्त काढणाऱ्या सिस्टरचे स्वतःचे रक्त वर्षानुवर्षे तपासलेले नसते.

टप्पा ४: लेखी अर्ज, एक मागणी, पोच

आधी इन्चार्ज सिस्टरशी तोंडी बोलावे, मग लेखी द्यावे. इन्चार्जला ओलांडून थेट मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिटेंडेंटकडे गेलेला अर्ज बहुधा पुन्हा तिच्याकडेच "अभिप्रायासाठी" येतो, आणि मग तो कोणत्या मनःस्थितीत वाचला जातो ते मी सांगत नाही. इन्चार्जच त्रासाचे कारण असेल तर अर्थातच वरच्या पायरीवर जावे, आणि तसे का केले ते एका वाक्यात लिहावे.

अर्जाची भाषा हा आपल्या भागातला नाजूक मुद्दा आहे. कार्यालयीन कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत चालते आणि मराठीतला अर्ज "भाषांतर करून द्या" म्हणून परत आल्याचे अनेकींनी अनुभवले आहे. तत्त्वाचा प्रश्न वेगळा, पण रोस्टर बदलायचे असेल तर अर्ज कार्यालय वाचेल त्या भाषेत द्यावा. आधी तो मराठीत, आपल्या शब्दांत लिहून काढावा आणि मग कन्नड किंवा इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणीकडून करून घ्यावा. आयत्या इंग्रजी नमुन्यातून उतरवलेल्या अर्जात भलतेच वाक्य येते आणि त्यावर सही आपली असते. नमुना असा:

"विषय: सलग नाइट ड्युटीत बदल मिळण्याबाबत. मी पुरुष मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मागच्या १४ दिवसांत मला ९ नाइट लागल्या असून त्यांपैकी ६ सलग होत्या. या काळात ४ वेळा सुटका एक तासापेक्षा जास्त उशिरा झाली. दोनदा औषधाची वेळ चुकली. त्याची नोंद त्या त्या दिवशी केली आहे. पुढच्या रोस्टरपासून सलग नाइट चारपेक्षा जास्त नसाव्यात आणि त्यांनंतर एक पूर्ण ऑफ मिळावा, ही विनंती."

मागणी एकच आहे, ती मोजता येते, आणि ती मान्य झाली की नाही हे पुढच्या रोस्टरवरून कळते. "मनःस्वास्थ्य जपावे" अशी मागणी कुणीही मान्य करतो आणि काहीही बदलत नाही. अपुरा स्टाफ हा विषय मात्र एकटीने मांडू नये. त्यासाठी वॉर्डातल्या सर्वांच्या सह्यांचा स्वतंत्र अर्ज करावा, आणि त्यात मल्याळी सिस्टर, कन्नड सिस्टर, आपण, सगळ्याच असाव्यात. एकाच भाषेच्या सह्या दिसल्या की मूळ मुद्दा राहतो आणि भलतीच चर्चा सुरू होते.

> तपासणी: दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि इनवर्ड (आवक) नंबर घेतला का? पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे धरले जाते. सात दिवसांत उत्तर आले नाही तर पहिल्या अर्जाचा नंबर घालून स्मरणपत्र द्यावे. मूळ वही कुणालाही देऊ नये. लागल्यास आकड्यांचा तक्ता द्यावा. आजाराचा उल्लेख या अर्जात करू नये.

टप्पा ४-अ: दुसऱ्या ढिगासाठी वेगळी वाट

नातेवाइकांचा आरडाओरडा रोजचा असतो, आणि आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. एका बेडपाशी "कन्नडात बोला" म्हणून आवाज चढतो, तर शेजारच्याच बेडपाशी "मराठी असून मराठीत का सांगत नाही" म्हणून. दोन्ही ठिकाणी उभी असते ती तीच सिस्टर. वाद घालू नये. "थोडं थांबा, डॉक्टर येताहेत" हे वाक्य आणि त्याचेच कन्नड "स्वल्प तडीरी, डॉक्टर बरतार" हे वाक्य दोन्ही जिभेवर असावीत. केरळच्या सिस्टरांनाही पहिल्या आठवड्यात ती शिकवावीत. आवाज चढला की एक पाऊल मागे घ्यावे आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारून दोघींनी मिळून बोलावे.

धक्काबुक्की किंवा मारहाण झाली तर क्रम असा: सुरक्षित जागी जाणे; त्याच दिवशी कॅज्युअल्टीत स्वतःची तपासणी करून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घेणे; वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवणे; सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे अशी लेखी विनंती त्याच कागदात करणे, कारण जुने चित्रण आपोआप पुसले जाते; आणि पोलिसांत तक्रार. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध कर्नाटकाचा २००९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या संरक्षणात नर्सेसही येतात, तेव्हा तक्रारीत त्याचा उल्लेख करावा. घर चंदगड-गडहिंग्लजकडे असेल आणि घरी पोचल्यावरच बोलायचा धीर आला, तर तिथल्या पोलिस ठाण्यातही झिरो एफआयआर नोंदवता येतो; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणत्या हद्दीत घडली यावरून नोंद नाकारता येत नाही.

लैंगिक छळाची तक्रार वॉर्डात फिरवू नये. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान नर्सिंग होममध्ये असाल तर, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुदत घटनेपासून तीन महिने आहे. योग्य कारण दिल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण वाढीच्या भरवशावर बसू नये. त्रास देणारा डॉक्टर असो, सहकारी असो वा नातेवाईक, कामाच्या जागी येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणे ही त्या कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे.

टप्पा ५: उपचार

पहिला अडथळा "कुणी पाहिले तर" हा. आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत बसण्याची लाज वाटत असेल तर दुसरीकडे जावे, पण जावे. १४४१६ वर पहिले बोलणे घरबसल्या होते. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवली जाते. आपल्या तालुक्यात डॉक्टर कोणत्या वेळी येतात ते आधी विचारून घ्यावे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात हा विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडते. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि सिस्टर तिथे सिस्टर नसते, रुग्ण असते.

जाताना वही, पीएचक्यू-९ चा कागद, रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी आणि पुढच्या दोन आठवड्यांचे रोस्टर न्यावे. रोस्टरचे महत्त्व डॉक्टरांनाही कधीकधी आठवण करून द्यावे लागते. "रात्री झोपताना एक" अशी चिठ्ठी घेऊन आलेली एक सिस्टर नाइट असतानाही रात्री दहालाच ती गोळी घेऊन वॉर्डात डुलक्या काढत होती. नाइटच्या दिवशी नेमकी किती वाजता घ्यायची, ते चिठ्ठीवर लिहूनच घ्यावे.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून, किंवा दुसऱ्या महिन्यात "आता बरी आहे" म्हणून स्वतःच गोळी बंद करणे, ही चूक औषधे वाटणाऱ्या हातांकडूनच सर्वांत जास्त होते.

> तपासणी: पुढच्या भेटीची तारीख घेतली का? समुपदेशनाबद्दल विचारले का? घरातल्या किमान एका माणसाला गोळी चालू असल्याचे माहीत आहे का?

टप्पा ६: रजा

रजेचा अर्ज टप्पा ४ च्या अर्जापासून वेगळा ठेवावा. "बर्नआउट" (कामाच्या ताणाने पार थकून जाणे) असे लिहिलेले सर्टिफिकेट मागू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणामध्ये बर्नआउटची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आजार म्हणून नाही, त्यामुळे तेवढ्यावर वैद्यकीय रजा अडकते. डॉक्टरांनी जे निदान केले असेल त्याच्या आधारे ड्युटीस किती दिवस अपात्र आणि पुन्हा कधी तपासणी, हे सर्टिफिकेटवर स्पष्ट असावे, आणि नियमाला लागेल त्याहून जास्त तपशील त्यात नसावा. सरकारी नोकरीत अर्ज सेवा नियमांप्रमाणे जातो. कंत्राटी नेमणूक असेल तर आधी ऑर्डर काढून रजेचे कलम वाचावे.

खासगीतल्या अनेक सिस्टरना आपला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे हेच ठाऊक नसते. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का पाहावे. कपात होत असेल आणि संबंधित सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचे लागते, म्हणून उपचार कोल्हापूरला असले तरी कागदपत्रे घेऊन आपल्या ईएसआय दवाखान्यात जावे लागेल. स्वतःचा आरोग्य विमा असेल, तर २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे.

गणेशोत्सवाच्या दिवसांत बेळगावात रजा सर्रास रद्द होतात. तब्येतीची रजा त्या आठवड्यात येत असेल तर कागद आधीच द्यावेत, म्हणजे ती मिरवणुकीसाठी घेतल्याचा संशय येत नाही.

टप्पा ७: परत रुजू होणे, किंवा सोडणे

रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागते. त्यातच "पहिले दोन आठवडे नाइट नको" असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तोंडी विनंती पहिल्याच रात्री, कुणी गैरहजर राहिले की, विसरली जाते. पहिल्या दिवशी हँडओव्हरला पंधरा मिनिटे लवकर जाऊन चालू औषधांचे तक्ते वाचावेत. "काय झालं होतं" या प्रश्नाला "तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे" एवढे उत्तर पुरते. वही पुन्हा चौदा दिवस चालू ठेवावी आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावी. सलग नाइट, उशिरा सुटका आणि झोप यांत काहीच फरक नसेल, तर गोळी आपले काम करते आहे आणि रोस्टर आपले.

सोडायचेच ठरले तर नोटिशीचा काळ नेमणूकपत्रात पाहून राजीनामा द्यावा आणि कारण एका ओळीत लिहावे. तक्रारी राजीनाम्यात ओतू नयेत. त्यांची जागा टप्पा ४ मध्ये होती. बाँडसाठी मूळ प्रमाणपत्रे दवाखान्याने ठेवून घेतली असतील तर ती राजीनाम्याआधी, एखाद्या साध्या निमित्ताने, परत मागून घ्यावीत. माझी मूळ प्रमाणपत्रे एका ठिकाणी चार महिने अडकली होती, तेव्हापासून नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात घेतल्याशिवाय शेवटची ड्युटी करून निघू नये. कोल्हापूर किंवा गोव्याकडे जायचे असेल तर कर्नाटकाची नोंदणी तिथे तशीच चालत नाही. त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंद करावी लागते आणि त्यासाठी इथल्या कौन्सिलची कागदपत्रे लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज नोटिशीचा काळ चालू असतानाच टाकावा.